गल्लीतल्या भरधाव गाड्या: रहिवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या मधून जाणारे, मुले खेळतात, आजी-आजोबा फेऱ्या मारतात असे वस्तीतले रस्ते एवढाच या पानाचा विषय आहे. महामार्ग आणि घाट इथे नाहीत. महाराष्ट्रातील महापालिका हद्दीत कामाची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते. जिथे फक्त पुण्याची बाब आहे तिथे तसे लिहिले आहे.

गाड्या खरेच वेगात जातात की आम्हालाच तसे वाटते? हे ठरवायचे कसे?

मोजून. लागणारे सामान म्हणजे मोजपट्टी, खडू आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. रस्त्याच्या सरळ भागात बरोबर ५० मीटर अंतरावर खडूने दोन आडव्या रेघा मारा. गाडीचे पुढचे चाक पहिल्या रेघेवर आले की घड्याळ सुरू करा, दुसऱ्या रेघेवर आले की बंद. १८० ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. ६ सेकंद लागले तर ३०, साडेचार सेकंदांना ४०, ३.६ सेकंदांना ५० आणि ३ सेकंदांना ६०. बोट दाबायला दोन-दशांश सेकंद मागेपुढे झाले तर ५० च्या आसपास तीनेक किलोमीटरचा फरक पडतो. अर्जासाठी एवढी चूक चालते.

मोजताना तीन गोष्टींनी घोळ होतो. पहिली, मोजणारा माणूस रस्त्याच्या कडेला मोबाइल धरून दिसला की चालक आपोआप ब्रेक दाबतो, त्यामुळे गॅलरीतून किंवा झाडाआडून मोजा. दुसरी, सकाळी ९ ची गर्दी मोजण्यात अर्थ नाही. गर्दीत सगळेच हळू जातात, वेग दिसतो तो रस्ता मोकळा असताना. रात्री १० ते ११ आणि दुपारची वेळ निवडा. (पुण्यात दुपारी १ ते ४ रस्ते का मोकळे असतात हे सांगायला नको.) तिसरी, पाच-सहा सुसाट गाड्या मोजून थांबणे. निदान १०० गाड्या मोजा, येईल ती प्रत्येक, आपल्याला आवडेल ती नव्हे. मग सगळे वेग चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीवा आकडा पाहा. वाहतूक अभियंते याच आकड्यावर बोलतात. "सरासरी ३४" म्हटले तर कुणाला काही वाटत नाही. "दर शंभरातल्या पंधरा गाड्या ४६ च्या वर" म्हटले की कागद हलतो.

सोसायटीचा सीसीटीव्ही रस्त्याकडे असेल तर आणखी सोपे. चित्रात दिसणाऱ्या दोन खुणांमधले अंतर प्रत्यक्ष मोजून घ्या आणि चित्रणातल्या फ्रेम मोजा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर २० मीटर जायला ताशी ३० च्या गाडीला ६० फ्रेम लागतात, ५० च्या गाडीला ३६. बरेच कॅमेरे साठवणूक वाचवण्यासाठी सेकंदाला १५ फ्रेमवर ठेवलेले असतात, ते सेटिंग आधी पाहून घ्या.

आमच्या गल्लीत कायद्याने वेगमर्यादा किती?

उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल ताशी ७०, दुचाकींना ६० आणि रिक्षांना ५० किलोमीटर मर्यादा आहे. त्यापेक्षा कमी मर्यादा घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ मध्ये राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे, पण त्यासाठी अधिसूचना काढून रस्त्यावर तसे फलक लावावे लागतात. म्हणजे फलक नसेल तर नऊ मीटरच्या गल्लीत ५५ ने जाणारा दुचाकीस्वार कागदोपत्री मर्यादेत असू शकतो. बेदरकार चालवल्याचा आरोप त्याच्यावर वेगळ्या कलमाखाली होऊ शकतो, तो भाग निराळा. सोसायटीने स्वतः रंगवलेल्या "वेगमर्यादा २०" या पाटीला सार्वजनिक रस्त्यावर कायद्याचा आधार नाही, विनंती म्हणून ती ठेवायला हरकत नाही.

३० काय आणि ५० काय, वीस किलोमीटरने असा काय फरक पडतो?

समोर चेंडूमागे मूल आले असे समजा. ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ३० च्या वेगात त्या सेकंदात गाडी सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ५० च्या वेगात पहिल्या सेकंदातच १४ मीटर जातात आणि थांबायला वर आणखी १४. म्हणजे जिथे ३० ची गाडी थांबून उभी आहे, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नाही. मूल १३ मीटरवर असेल तर पहिल्याला शिव्या बसतील आणि दुसऱ्याची धडक पूर्ण ५० च्या वेगाने बसेल. पावसात, किंवा टायर गुळगुळीत असतील तर अंतरे आणखी वाढतात. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवली आहे, ती याच हिशोबावर.

रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून गाड्या सुसाट सुटल्या आहेत. आधी खड्डे होते तेव्हा बरे होते का?

खड्डे बरे नव्हते, पण वेगाचे निरीक्षण खरे आहे. चालक पाटी वाचून वेग ठरवत नाही, डोळ्यांसमोर जे दिसते त्यावरून ठरवतो. रस्ता सरळ, गुळगुळीत, दोन्ही कडांपर्यंत मोकळा आणि कोपरे गोलाईचे असतील तर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. काँक्रीटीकरणात नेमके हेच होते: कडेची माती जाते, डांबराच्या थरांनी आलेले उंचसखलपण जाते, जुने गतिरोधक उखडले जातात आणि नव्या पृष्ठभागावर ते पुन्हा बसवायचे कुणाच्या अंदाजपत्रकात नसते.

म्हणून काँक्रीटीकरणाचा फलक लागला की त्याच आठवड्यात अर्ज द्या. उंच पादचारी क्रॉसिंग (पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेला झेब्रा पट्टा) काँक्रीट ओततानाच बसवता येते. नंतर पक्क्या काँक्रीटवर डांबराचा उंचवटा चिकटवला तर तो पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कडेने सुटायला लागतो.

तक्रार कुणाकडे करायची, महापालिकेकडे की वाहतूक पोलिसांकडे?

रस्त्याचा आकार महापालिकेकडे, रस्त्यावरचे वर्तन पोलिसांकडे. गतिरोधक, फलक, पट्टे, पदपथ, बोलार्ड (गाड्या अडवणारे आखूड खांब) ही महापालिकेची कामे. वेगमर्यादा, एकेरी वाहतूक, जड वाहनांना बंदी, पार्किंगचे नियम हे पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या आदेशाने होते. गतिरोधकाला मात्र दोघे लागतात: बांधते महापालिका, पण वाहतूक शाखेचा अभिप्राय घेऊन. इथेच अर्ज महिनोन्महिने टोलवला जातो. महापालिका म्हणते पोलिसांचे पत्र आणा, पोलीस म्हणतात महापालिकेने विचारलेले नाही.

यावरचा उपाय म्हणजे दोघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचा अर्ज देणे आणि प्रत्येकावर दुसऱ्याला प्रत दिल्याचे लिहिणे. मागणी "संयुक्त पाहणी"ची करा. हा शब्द दोन्ही कार्यालयांना कळतो आणि पाहणीची तारीख ठरली की टोलवाटोलवी बरीच कमी होते.

पुण्यात साधारणपणे १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याहून मोठे पथ विभागाकडे असतात. चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज "योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग" होतो आणि तिथेच विसावतो. मुंबईत वॉर्ड ऑफिस, नागपुरात झोन कार्यालय, नाशकात विभागीय कार्यालय, नावे वेगळी, खिडकी तीच.

अर्जात नेमके काय लिहायचे?

"वाहने बेफाम वेगाने जातात, कधीही जीवघेणा अपघात होऊ शकतो, तरी त्वरित गतिरोधक बसवावा" हा मजकूर प्रत्येक कार्यालयाच्या फायलीत शेकड्याने पडलेला आहे. त्याऐवजी असे काही:

"... चौक ते ... मंदिर हा सुमारे २८० मीटर लांबीचा व ९ मीटर रुंदीचा रस्ता आहे. दि. ... रोजी दुपारी २ ते ३ आणि रात्री १० ते ११ या वेळेत आम्ही येथे १०० वाहनांचा वेग मोजला. त्यांपैकी १५ वाहने ताशी ४६ कि.मी. पेक्षा अधिक वेगाने गेली (तक्ता सोबत जोडला आहे). रस्त्यावर बालवाडीचे फाटक असून त्या बाजूला पदपथ नाही. तरी १) संयुक्त पाहणी करावी, २) फाटकासमोर उंच पादचारी क्रॉसिंग व त्याच्या दोन्ही बाजूंना सूचनाफलक बसवावेत, ३) वेगमर्यादा ताशी ३० कि.मी. अधिसूचित करावी."

आकडे अर्थातच तुमचे घाला. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा: शाळा, दवाखाना, वळण, विजेचा खांब क्रमांक. खांबावरचा क्रमांक लिहिला की कनिष्ठ अभियंत्याला जागा शोधत फिरावे लागत नाही. सह्या चाळीस असल्या काय आणि चारशे असल्या काय, फार फरक पडत नाही. पण ज्या घरासमोर गतिरोधक येणार त्या घराची सही मात्र हवीच. नंतरचा सगळ्यात मोठा विरोध तिथूनच येतो. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढची दोन वर्षे तुमच्या तोंडी हाच क्रमांक असेल.

"हा रस्ता आमच्या ताब्यात नाही" असे महापालिका म्हणते. मग?

अनेक लेआउटमधले अंतर्गत रस्ते विकसकाने महापालिकेकडे हस्तांतरित केलेलेच नसतात. तिथे महापालिकेला खर्च करता येत नाही. बांधकाम परवानगी विभागात मंजूर नकाशा पाहा: रस्ता विकास आराखड्यातला आहे की लेआउटमधला, आणि ताबापावती झाली आहे का. झालेली नसेल तर दोन वाटा आहेत. सगळ्या सोसायट्यांनी मिळून हस्तांतरणाचा प्रस्ताव द्यायचा, किंवा फाटकाच्या आतला रस्ता असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून स्वखर्चाने उपाय करायचे. जो रस्ता बाहेरचे लोकही सर्रास वापरतात, तो मालकीने खासगी असला तरी मोटार वाहन कायदा तिथे लागू होतो.

गतिरोधक कसा असायला हवा? आमच्याकडचा तर भिंतीसारखा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, हिची गतिरोधकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे: आयआरसी ९९. पहिली आवृत्ती १९८८ ची, सुधारित २०१८ ची. त्यातला वर्षानुवर्षांचा नेहमीचा नमुना असा: रस्त्याच्या लांबीच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर आणि वरचा भाग १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. यावरून ताशी २५ ने गाडी आरामात जाते आणि ४० ने गेली तर आतल्यांना चांगलाच हिसका बसतो.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. डंपरमधून उरलेला गरम डांबराचा माल रस्त्यावर आडवा ओततात, फावड्याने सारखा करतात, रोलर एकदा आडवा फिरवतात आणि निघून जातात. उंची तीच १० ते १५ सेंटिमीटर, पण रुंदी जेमतेम दीड मीटर. अशा उंचवट्यावर मोटारीचे पोट घासते आणि दुचाकीचा मागचा प्रवासी उडतो. रुंदी कमी असेल तर आणखी एक उलटा परिणाम होतो: अगदी अरुंद उंचवट्यावरून मोटार जितकी वेगात जाईल तितका धक्का टायर आणि सस्पेन्शन गिळून टाकतात. मोठ्या गाडीवाल्याला हे कळलेले असते. म्हणून तो वेग कमी करत नाही आणि त्रास होतो तो रिक्षातल्या गरोदर बाईला.

तुमच्या रस्त्यावरचा तपासायला गवंड्याचा दोरा आणि पट्टी पुरते. गतिरोधकाच्या माथ्यावर, रस्त्याच्या दिशेने, आडवा सपाट दोरा ताणा आणि त्यापासून खाली मोजत चला. कडेला आलेल्या मापातून प्रत्येक ठिकाणचे माप वजा केले की तिथली उंची मिळते. योग्य नमुन्यात कडेपासून अर्धा मीटर आत उंची सुमारे साडेचार सेंटिमीटर, एक मीटर आत सुमारे आठ, दीड मीटर आत साडेनऊच्या पुढे आणि मधोमध दहा भरते. अर्ध्या मीटरमध्येच आठ-नऊ भरत असेल तर तो गतिरोधक नाही, अडथळा आहे, आणि मोजमापासह दुरुस्तीची मागणी करता येते. ठेकेदाराकडून काम होत असताना प्लायवुडचा साचा वापरायला सांगा. सुताराचे तासाभराचे काम आहे, पण फावड्यावरचा विश्वास त्याने संपतो.

रंग आणि फलक यांशिवाय गतिरोधक पुरा होत नाही. काळे-पांढरे पट्टे, कॅट्स आय (दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या खुणा) आणि ४० मीटर आधी लाल किनारीचा त्रिकोणी फलक. साधा रंग एका पावसाळ्यात उडतो, त्यामुळे थर्माप्लास्टिक पट्ट्यांची मागणी करा. रंग उडालेला गतिरोधक, त्यावर बंद दिवा आणि पावसाची रात्र ही दुचाकीस्वाराच्या डोक्याला मार लागण्याची नेहमीची जुळणी आहे.

तो कुठे बसवू नये?

तीव्र उतारावर, वळणावर, ड्रेनेजच्या झाकणावर, बसथांब्यासमोर आणि सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी नको. मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीत तो मुख्य रस्त्याच्या कडेपासून सुमारे ५ मीटर आत, गल्लीच्या बाजूला असावा. पाणी जायला कडेला वीतभर फट ठेवतात आणि सगळ्या दुचाक्या नेमक्या त्या फटीतून, म्हणजे पादचाऱ्याच्या पायावरून जातात. तिथे बोलार्ड लावा किंवा खालून पाइप टाकून उंचवटा कडेपर्यंत न्या.

एकटा गतिरोधक आजूबाजूच्या तीस-चाळीस मीटरपुरताच उपयोगी असतो. त्यानंतर दुचाकी पुन्हा वेग घेते. लांब रस्त्यावर साधारण १०० मीटरच्या अंतराने मालिका लागते.

रबरी पट्ट्या स्वस्त आणि झटपट आहेत. त्या लावू का?

फाटकाच्या आत लावा. साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असे ते तुकडे असतात, बोल्टने जमिनीत ठोकतात. पार्किंगमध्ये, ताशी १० च्या वेगाला ते ठीक. रहदारीच्या रस्त्यावर जड वाहनांनी बोल्ट ढिले होतात, एखादा तुकडा निघतो आणि वर राहिलेला बोल्ट टायर फाडतो. डांबरात बोल्ट तसाही नीट धरत नाही. लावल्याच असतील तर दर महिन्याला बोल्ट आवळा.

रम्बलर, म्हणजे रस्त्यावर ओळीने मारलेल्या बुटक्या आडव्या पट्ट्या, कसे वाटतात?

वस्तीत नको. ते चालकाला जागे करण्यासाठी असतात, वेग त्यांनी फारसा कमी होत नाही, आणि रात्री प्रत्येक गाडीमागे "धडधडधड" ऐकून जागे होता तुम्ही.

महापालिका वाट पाहायला लावते. आम्हीच सिमेंट आणून बांधला तर?

सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना बांधकाम आहे ते. कुणी पडून जखमी झाले किंवा दगावले तर बांधणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि "सगळ्यांनी मिळून केले" म्हटले तर सगळ्यांची नावे विचारली जातात. दगड, कुंड्या किंवा दोरखंड आडवे टाकणे त्याहून वाईट, कारण रात्री ते दिसतच नाहीत.

गतिरोधक न बसवता वेग कमी होतो का?

होतो, आणि अनेकदा जास्त चांगला. पण मागणी करणारे फार कमी, म्हणून अभियंतेही सुचवत नाहीत.

उंच पादचारी क्रॉसिंग हा आमच्या मते वस्तीतला सर्वांत उपयोगी प्रकार. झेब्रा पट्टा पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेला असतो, दोन्ही बाजूंना उतार. गाडीचा वेग कमी होतो आणि चालणाऱ्याला खाली उतरावे लागत नाही. शाळा, देऊळ, भाजी मंडई यांच्यासमोर हाच मागा.

कोपरे हा दुसरा. गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्याची गोलाई मोठी असली की दुचाकी वेग न तोडता आत वळते. पदपथ पुढे आणून कोपरा काटकोनाच्या जवळ नेला की वळताना ब्रेक लावावाच लागतो, आणि रस्ता ओलांडण्याचे अंतरही कमी होते. फक्त कचऱ्याची गाडी आणि अग्निशमनचा बंब वळेल एवढी जागा पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष वाहन वळवून तपासा.

तिसरा उपाय जवळजवळ फुकट आहे: पार्किंग. एका बाजूची गाड्यांची रांग पन्नास मीटरनंतर दुसऱ्या बाजूला नेली की सरळ रस्ता नागमोडी होतो. पुण्यातल्या पी-१, पी-२ पाट्यांनी सम-विषम तारखेला बाजू बदलते, त्यापेक्षा हे वेगळे. इथे रांग कायम नागमोडीच राहते. रंगाचे पट्टे आणि पोलिसांचा आदेश एवढे पुरते. फाटकाजवळ आणि क्रॉसिंगच्या आधी काही मीटर जागा मात्र रिकामी ठेवा, नाहीतर उभ्या गाड्यांआडून आलेले मूल दिसत नाही.

गुगल मॅप्समुळे सगळी रहदारी आमच्या गल्लीतून जाते. एक टोक बंद करता येईल?

येते. वाहतूक पोलीस उपायुक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि ११६ खाली आदेश काढू शकतात. सहसा आधी प्रायोगिक तत्त्वावर आदेश निघतो आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. तेव्हा विरोधकांची पत्रे भराभर येतात आणि पाठिंबा देणारे गप्प बसतात. तुमची पत्रे तयार ठेवा.

बोलार्ड लावताना एक अडचण समजून घ्या. व्हीलचेअर जायला दोन खांबांत निदान ९० सेंटिमीटर जागा लागते, आणि स्कूटरची रुंदी ७० च्या आसपास असते. म्हणजे व्हीलचेअरला वाट दिली की दुचाकीला मिळालीच. टोक बंद करून मोटारी थांबतील, दुचाकी नाही. रुग्णवाहिकेसाठी मधला खांब कुलूप काढून निघणारा हवा आणि किल्ली कुणाकडे आहे हे फाटकावर लिहिलेले हवे.

आम्ही भरधाव गाडीचा व्हिडिओ काढून पोलिसांना पाठवला, काहीच झाले नाही. का?

कायदाच तसा आहे. कलम १८३ प्रमाणे एखाद्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही, यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार लागतो. ते उपकरणही प्रमाणित असावे लागते. तुमच्या स्टॉपवॉचच्या मोजणीवर महापालिका रस्ता बदलू शकते, पण चलन फाडता येत नाही.

व्हिडिओत जे स्पष्ट दिसते त्याची तक्रार करा: विरुद्ध दिशेने येणे, ट्रिपल सीट, नंबरप्लेट नसणे किंवा वाकवलेली असणे, चालवताना मोबाइल. विरुद्ध दिशा आणि हातातला मोबाइल हे २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १८४ च्या धोकादायक चालवण्यात मोडतात. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. वेगाला हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये. चित्रणात नंबर, तारीख, वेळ आणि ओळखू येईल अशी जागा हवी. आणि ते गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी टाकू नका. गाडी निघते शेजारच्या विंगमधल्या काकांची.

आमच्याकडे नववी-दहावीतली मुले स्कूटर उडवतात. पालक ऐकत नाहीत.

पालकांना कलम १९९ अ वाचून दाखवा. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. १६ वर्षांवरील मुलांना ५० सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या गाडीची मुभा आहे. घरोघरी उभ्या असलेल्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या असतात. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन चालकाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेल्यानंतर हे कलम सगळ्यांना तोंडपाठ झाले होते.

पाण्याचे टँकर आणि डंपर?

टँकर वेगात जातो कारण चालकाला खेपांवर पैसे मिळतात. टँकर मागवणारी सोसायटीच पुरवठादाराशी करारात वेळ आणि मार्ग लिहून घेऊ शकते: शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत नाही, अमुक गल्लीतून नाही. डंपरसाठी वाहतूक शाखेकडे जड वाहनांच्या वेळांचा आदेश मागा आणि बांधकामाच्या जागेचे नाव लिहा. खेपा तिथूनच निघतात.

सहा महिने झाले, उत्तर नाही.

माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक गाऱ्हाणे लिहिले की तेच कारण दाखवून परत येतो. "का बसवला नाही?" असे विचारू नका, माहिती अधिकारात कारणे नव्हे, कागद मिळतात. मागा: आवक क्रमांक अमुकवरील कार्यवाहीची टिपणी, वाहतूक शाखेशी झालेला पत्रव्यवहार, पाहणी अहवाल. गतिरोधक आधीच असेल आणि चुकीचा असेल तर कार्यादेश, मंजूर नकाशा आणि देयकाची प्रत. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. बऱ्याचदा अर्ज पोहोचल्यावरच पाहणीचा फोन येतो.

"निधी नाही" हे उत्तर असेल तर पुणेकरांसाठी आणखी एक दार आहे. महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते, एका कामाला ५ लाख रुपयांपर्यंत. अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस मागवतात. फलक, पट्टे आणि एखादे उंच क्रॉसिंग त्यात बसू शकते.

"तुमच्या रस्त्यावर अपघाताची नोंदच नाही" असे सांगतात.

कारण कुणी नोंदवलेलीच नसते. गुडघा फुटला, शंभर रुपये देऊन मिटवले, संपले. राष्ट्रीय महामार्गांवर ब्लॅक स्पॉट ठरवायला ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, असा निकष आहे. त्या फूटपट्टीने गल्ली कधीच धोकादायक ठरणार नाही, ठरू नये हीच इच्छा. म्हणून लहान धडकेचीही पोलीस ठाण्यात नोंद करून प्रत घ्या. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, ते त्याच दिवशी उतरवून ठेवा. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, खांब क्रमांक, कुणाला काय लागले, एवढे चार रकाने ठेवले तरी पुढच्या संयुक्त पाहणीत बोलायला आधार मिळतो.

गतिरोधक झाला. आता ज्यांच्या घरासमोर आहे ते आवाज आणि हादऱ्यांमुळे काढा म्हणतात.

आधी दोऱ्याने मोजा. आकार चुकीचा असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे, रिकामा टेम्पो अरुंद उंचवट्यावर आदळतो तेव्हा खिडक्या वाजतातच. तो दुरुस्त करून घ्या. आकार बरोबर असेल तर महिनाभराने त्याच ५० मीटरवर, त्याच वारी, त्याच वेळेला पुन्हा १०० गाड्या मोजा. पंच्याऐंशीवा आकडा खाली आला असेल तर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बोला. आला नसेल, तर तो उंचवटा तिथे ठेवण्यात अर्थ नाही. क्रॉसिंग किंवा कोपऱ्याचा प्रस्ताव घेऊन पुन्हा त्याच आवक खिडकीवर जा.